मुळेसाहेब उंबरदऱ्याहून निघतात

आदिनाथ मुळे यांचं ठाम मत होतं की माणसाने एखाद्या गावातून निघावं ते भरल्या पंगतीतून उठावं तसं, कोणाच्या ताटाला पाय न लावता. मत असायला त्यांना अधिकारही होता. बँकेतल्या नोकरीत त्यांनी दुसऱ्यांचे निरोपसमारंभ इतके पार पाडले होते की शाल आधी कोणत्या खांद्यावर टाकायची, नारळाची शेंडी कोणाकडे करायची आणि 'आज आम्हांला अतिशय दुःख होत आहे' हे वाक्य किती चेहरा पाडून म्हणायचं, यात श्रीरामपुरात त्यांच्या तोडीचा माणूस नव्हता. स्वतःचा निरोपसमारंभ मात्र त्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता. तो आला तेव्हा त्यांचं सगळं शास्त्र कोलमडलं.

उंबरदरा हे गाव राजूरच्याही पुढे, घाट चढून गेल्यावर डोंगराच्या काखेत बसलेलं. तिथल्या शाखेचे साहेब मोटारसायकलवरून घसरून पाय मोडून घरी बसले, म्हणून पावसाळ्यापुरतं मुळेसाहेबांना तिकडे धाडलं होतं. आले तेव्हा ते फुगलेलेच होते. कपडे वाळत नव्हते, धुकं विचारल्याशिवाय खिडकीतून आत येत होतं आणि फोनला रेंज मिळायची ती फक्त गावामागच्या एका काळ्या खडकावर. त्या खडकाला गावात रेंजचा खडक म्हणत. संध्याकाळी सगळं गाव तिथे फोन कानाला लावून उभं असायचं. त्यामुळे मुळेसाहेबांच्या पत्नी अश्विनीताई खणखणीत आवाजात त्यांना काय काय बोलतात, हे पहिल्याच आठवड्यात उंबरदऱ्याला पाठ झालं. ज्या गावाने आपला संसार असा उघड्यावर ऐकलेला असतो, त्या गावाशी फार दिवस फुगून राहता येत नाही. पाऊस सरत आला तोवर स्टँडवरचा चहावाला सहादेव भांगरे, पडवीतली खोली भाड्याने देणाऱ्या साळूबाई आणि जीपवाला नियाज तांबोळी ही तिघं त्यांची अशी जवळची झाली की रविवारी श्रीरामपूरला जायचं म्हटलं तरी त्यांच्या जिवावर येऊ लागलं.

मग हेड ऑफिसचा हुकूम आला. शनिवारी इथून कार्यमुक्त, सोमवारी श्रीरामपूरला हजर. गुरुवारी त्यांची एकुलती एक मुलगी मोनिका पहिल्या नोकरीसाठी हैदराबादला निघणार होती, म्हणजे तारखाही छान जुळल्या होत्या. मुळेसाहेबांनी ठरवलं की शनिवारी संध्याकाळी सहादेवच्या हॉटेलात तिघांना चहा आणि भजी द्यायची, दोन शब्द बोलायचे आणि रविवारी सकाळी गुपचूप निघायचं.

बेत त्यांनी सहादेवच्या कानावर घातला. सहादेवने कपबशी विसळता विसळता विचारलं, "साहेब, तिघांनाच चहा पाजून जानार व्हय? मंग बाकीच्यांनी काय घोडं मारलं तुमचं?"

साहेबांनी नम्रपणे आणखी चार नावं घातली. सहादेवने समजावलं की त्या चौघांना बोलावलं तर त्यांच्या भावकीला बोलवावं लागेल, वरच्या वाडीला बोलावलं तर खालच्या वाडीला, आणि एवढ्या लोकांना नुसत्या चहावर परत पाठवणं दिसायला बरं नाही. त्या संध्याकाळी साहेबांनी खडकावरून अश्विनीताईंचा सल्ला घेतला. त्या म्हणाल्या, साधंच करा, तुम्हांला झेपायचं नाही. शेजारी फोन लावून उभ्या असलेल्या दोघींनी ते ऐकलं आणि आपापल्या फोनवरच्या माणसांना तिथेच थांबवून साहेबांना सांगितलं की वहिनी म्हणतात ते खरं, तुम्ही काही करूच नका, गाव करील. झालं. भज्यांचा कार्यक्रम गावाने ताब्यात घेतला तो असा. शनिवारी मारुतीच्या सभामंडपात घराघरातून तांदूळ आले, चुली पेटल्या आणि निवृत्त शिक्षक ज्ञानेश्वर गुरुजींनी माइक मागवला.

गुरुजी उत्तम वक्ते होते. पंचक्रोशीत त्यांना मागणी होती, पण ती मुख्यतः दशक्रियेला. घाटावर उभं राहून गेलेल्या माणसाविषयी ते असं बोलत की ज्यांनी त्या माणसाशी जन्मभर बांध कोरण्यावरून भांडण केलं तेही हुंदके देत. निरोपाचं भाषण त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. त्यामुळे त्यांनी जे येत होतं तेच केलं.

"मुळेसाहेब कसे होते," गुरुजींनी गंभीर आवाजात सुरुवात केली, "तर मनाने निर्मळ होते. कालपरवापर्यंत आपल्यात हसत, बोलत, चालत होते. पण विधात्याची इच्छा वेगळी होती."

मुळेसाहेब फेटा बांधून पहिल्या खुर्चीवर बसले होते. आपण अजून हसतो, बोलतो, चालतो हे कसं सुचवावं ते त्यांना कळेना. त्यांनी जरा खाकरून पाहिलं. गुरुजींनी तेवढ्यात त्यांच्या आत्म्याला, म्हणजे चुकून, म्हणजे पुढील वाटचालीला शांती चिंतली आणि सभामंडपातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

मग साहेब स्वतः उठले. त्यांनी आदल्या दिवशी आरशासमोर भाषण घोळवलं होतं, त्यात एक विनोदही होता. पण माइक हातात घेतल्यावर समोर सहादेव दिसला. तो इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून बसला होता. त्याला असा नटलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. 'मित्रहो' एवढं म्हणून मुळेसाहेब जे रडू लागले ते काही केल्या थांबेनात. साळूबाईंनी पाण्याचा तांब्या नेऊन दिला आणि स्वतःही तिथेच रडत उभ्या राहिल्या. विनोद तसाच राहून गेला.

त्या रडण्याच्या भरात साहेबांनी एक मोठी चूक केली. आपल्या खोलीतलं सगळं सामान त्यांनी वाटून टाकलं. गादी सहादेवच्या वडिलांना, गॅसची शेगडी साळूबाईंच्या सुनेला, बादली आणि तपेली खालच्या वाडीला, छत्री गुरुजींना. माणूस भरून आला की त्याला बादली नकोशी होते. अंगावरचे कपडे आणि एक बॅग एवढंच त्यांनी ठेवलं, आणि आपण किती हलके झालो असं त्यांना वाटलं.

रविवारी सकाळी गाव वळणापर्यंत पोचवायला आलं. नियाजच्या जीपमध्ये तांदळाचं पोतं, मधाच्या बाटल्या आणि साळूबाईंच्या हातची नाचणीची भाकरी बसली. साहेब मागच्या काचेतून हात हलवत राहिले. वळण आलं, गाव दिसेनासं झालं, साहेबांनी रुमालाने नाक पुसलं. आणखी दोन वळणं खाली गेल्यावर नियाजने जीप थांबवली. पुढे रस्ता नव्हता. रात्रीच्या पावसात दरड कोसळली होती आणि रस्त्याच्या जागी एका मोठ्या वावराएवढी लाल माती, तिच्यात उलटं रुतलेलं एक झाड, एवढंच होतं.

मुळेसाहेबांनी बराच वेळ त्या झाडाकडे पाहिलं. मग त्यांनी नियाजला विचारलं की थोडा वेळ इथेच थांबता येईल का. नियाज म्हणाला, थांबता येईल, पण दरड तासाभरात हटणारी नाही. साहेब म्हणाले, दरडीसाठी नाही. लोक अजून वळणावर उभे असतील. ते घरी जाऊ देत, मग आपण जाऊ.

ते थांबले, भाकरी खाल्ली आणि मग शाळेच्या मागच्या बाजूने, हॉर्न न वाजवता गावात शिरले. उंबरदऱ्यात जीप आवाज न करता शिरण्याची सोय नाही. सहादेव हॉटेलच्या दारात आला.

"काय इसरलं का साहेब?"

साहेबांनी दरडीची हकिगत सांगितली. सहादेवला वाईट वाटलं. ज्या माणसासाठी आपण अर्ध्या तासापूर्वी रडलो, तो समोर उभा राहून 'चहा दे' म्हणतो तेव्हा चेहरा कसा ठेवायचा, हे कोणी कोणाला शिकवलेलं नसतं. दोघांनी एकमेकांकडे न बघता चहा घेतला.

खोलीचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. साळूबाईंनी तिथे शेळी आणि तिची दोन पिल्लं बांधली होती. त्यांनी लगबगीने शेळी बाहेर काढली, जमीन झाडून घेतली, पण वासाचं लगेच काही करता आलं नाही. आता खोलीत गादी नाही, बादली नाही, शेगडी नाही. दिलेलं परत मागणं साहेबांच्या तत्त्वात बसत नव्हतं. ते बॅग उशाला घेऊन नुसत्या जमिनीवर पडले आणि हवा चांगली आहे असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. संध्याकाळपर्यंत गावाने मार्ग काढला. सहादेव गादी खांद्यावर घेऊन आला आणि म्हणाला की ही आमच्या म्हाताऱ्याची हाय, पन तुमी वापरा, संकोच करू नका. सुनेने शेगडी आणून दिली आणि जपून वापरायला सांगितलं. खालच्या वाडीची बादली आली. गुरुजी छत्री उसनी द्यायला आले, फक्त तिचा दांडा जरा सैल आहे, याबद्दल त्यांनी माफी मागितली. दांडा मुळेसाहेबांनीच सैल केलेला होता. तरी त्यांनी सगळ्यांचे आभार मानले.

सोमवारी सकाळी दुसरा प्रयत्न झाला. दरडीवरून चालत पलीकडे जायचं आणि तिकडची गाडी धरायची, असं ठरलं. या वेळी वळणावर सात-आठ माणसं आली, त्यातली दोन शेताकडेच निघाली होती. गुरुजींना बोलायची विनंती केली तेव्हा ते म्हणाले, परवा सगळं बोलून झालंय. दरडीपाशी माती उपसायला मशीन लागलं होतं. मशीनवाल्याने साहेबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांगितलं की वरून अजून दगड येताहेत, बारीक माणूस असता तर मी विचार केला असता. साहेब पुन्हा माघारी आले. या खेपेला सहादेवने मानसुद्धा वर केली नाही. ग्लास भरून पुढे सरकवला आणि तो भजी तळत राहिला.

इथे मुळेसाहेबांच्या मनाला लागलं. आपण राहिलो याचा यांना आनंद नाही, गेलो असतो तर दुःखही झालं नसतं, असं काहीतरी त्यांच्या मनात येऊ लागलं. त्यातून बँक उघडायची वेळ झाली. शाखेच्या दारात लोक उभे होते आणि नव्या साहेबांना वाटेत द्यायची किल्ली मुळेसाहेबांच्या खिशात होती. त्यांनी खडकावर जाऊन हेड ऑफिसला फोन लावला. तिकडून सांगण्यात आलं की तुम्ही कार्यमुक्त झालेले आहात, तेव्हा कुलूप उघडू नका. नवे साहेब दरडीच्या पलीकडे अडकले आहेत, ते हजर झाल्याशिवाय दुसऱ्या कोणी उघडण्याचा प्रश्न नाही. तुम्ही श्रीरामपूरलाही हजर नाही, म्हणजे गैरहजर आहात, तेव्हा रजेचा अर्ज आपल्या शाखाधिकाऱ्यामार्फत पाठवा. साहेबांनी विचारलं, माझे शाखाधिकारी कोण? तिकडे जरा कुजबुज झाली आणि मग सांगण्यात आलं की त्याबद्दल कळवू. सबंध दिवस मुळेसाहेब स्वतःच्या बँकेच्या पायरीवर, खिशात किल्ली ठेवून, बाहेरच्या माणसासारखे बसून राहिले. लोकही शेजारी येऊन बसले. कोणी पैसे मागितले नाहीत. एकाने कणीस भाजून आणलं.

अश्विनीताईंना यातलं काही पटत नव्हतं. आधी दरड, मग मशीन, मग किल्ली. तुम्हांला तिथे करमायला लागलंय, हे मला दोन महिन्यांपासून दिसतंय, असं त्या फोनवर म्हणाल्या आणि खडकावरचं सगळं बोलणं एकदम बंद झालं. तेव्हा साळूबाईंनी पुढे होऊन साहेबांच्या हातातून फोन घेतला.

"बाई, तुमचे मालक लई गुनाचे हायेत. पन दरड आमच्या हातची न्हाई. हातची असती तं आमी ती आदीच पाडली असती, तुमाला खरं सांगते."

पलीकडे अश्विनीताई हसल्या. मग त्या दोघी बराच वेळ बोलत राहिल्या, मुळेसाहेबांविषयीच बोलल्या, आणि साहेबांना फोन परत मिळाला तेव्हा त्यातलं चार्जिंग संपलेलं होतं.

मंगळवारी कळलं की रस्ता आठवडाभर तरी मोकळा होत नाही. संध्याकाळी खडकावर मोनिकाचा फोन आला. ती म्हणाली, बाबा, नाही जमलं तरी चालेल, मी गाडीत बसल्यावर व्हिडिओ कॉल करीन. मुळेसाहेब "हो, हो, चालेल की," म्हणाले. त्यांनी ते फार सहज म्हणायचा प्रयत्न केला. एरवी सल्ला देणाऱ्या त्या खडकाने त्या दिवशी नुसती वाट करून दिली. साहेब उसन्या छत्रीखाली एकटेच खाली उतरले.

बुधवारी उजाडताच सहादेव, नियाज, आणखी सहा-सात गडी आणि साळूबाई असे सगळे त्यांच्या दारात उभे होते. डोंगराच्या खिंडीतून पलीकडच्या रस्त्याला उतरणारी एक जुनी वाट होती. तिथे नियाजचा चुलतभाऊ फराज टेम्पो घेऊन थांबणार होता. ती वाट तुम्हांला झेपायची नाही म्हणून आजवर कोणी बोललं नव्हतं, पण पोरीला भेटायचंय तर चला, असं सहादेवने सांगितलं. हॉटेल बंद होतं. सहादेवचं हॉटेल बंद असलेलं साहेबांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं आणि सोमवारपासून मनात धरून ठेवलेला राग कुठे ठेवावा हे त्यांना कळेना.

खिंडीपर्यंत ते दमत, बसत, पण स्वतःच्या पायांनी गेले. उतार लागल्यावर त्यांनी ऐटीत, "आता काय, उतारच आहे," म्हटलं आणि पुढचं पाऊल शेवाळावर टाकलं. बरंच अंतर ते बसल्या बसल्या गेले. थांबले तेव्हा घोटा सुजायला लागला होता आणि पँटचा मागचा भाग कुठल्याही बँकेच्या शिस्तीत बसणारा राहिला नव्हता. त्यांना उभं करून पाहिलं, ते पुन्हा बसले. मग साळूबाईंनी कमरेला बांधलेली घोंगडी सोडली, नियाजने बांबू तोडून आणला आणि डोली तयार झाली. आजारी माणसाला डोंगर उतरवायला करतात तशी. मुळेसाहेबांनी जोरदार विरोध केला, पण तो घोंगडीच्या आतून केल्यामुळे कोणाला नीट ऐकू गेला नाही.

खाली उतरताना समोरून दोन म्हाताऱ्या लाकडं घेऊन येत होत्या. डोली बघून त्या बाजूला झाल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि एकीने हळू आवाजात साळूबाईंना विचारलं, कधी गेले? घोंगडीतून मुळेसाहेब म्हणाले, "अजून जातोच आहे." म्हाताऱ्यांची लाकडं खाली पडली. साळूबाईंना इतकं हसू आलं की त्यांना वाटेत बसावं लागलं. सहादेव हसला, बांबू हलला, डोली हिंदकळली, आणि मग आत पडलेले साहेबसुद्धा हसू लागले. त्या उतारावर ती सगळी माणसं पोट धरून उभी होती आणि पावसाची सर अंगावरून गेली तरी कोणी हललं नाही.

रस्त्यावर फराज घाईत होता. टेम्पोत काकड्या भरलेल्या होत्या आणि बाजार गाठायचा होता. साहेबांना पुढच्या सीटवर चढवलं. फराजने इंजिन सुरू केलं. भाषणाला वेळ नव्हता आणि शालही नव्हती. साहेबांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि सवयीने म्हणाले, "बरंय, येतो."

सहादेवने तो हात धरून ठेवला. "साहेब, दोनदा 'येतो' म्हनलात आन् दोन्ही वेळा लगीच आलात. आता 'जातो' म्हना."

मुळेसाहेबांनी तोंड उघडलं. पण साळूबाईंनी पुढे होऊन सहादेवच्या पाठीत एक धपाटा घातला आणि सांगितलं की असलं काही बोलू नये, येतोच म्हणा, दिवाळीत पोरीला आणि बाईला घेऊन या. साहेबांनी पुन्हा 'येतो' म्हटलं. टेम्पो सुटला. रडायचं राहूनच गेलं, हे त्यांच्या लक्षात आलं ते राजूरच्या बाजारात.

काकड्यांच्या टेम्पोतून, मग एका एसटीतून, मग दुसऱ्या एसटीतून ते श्रीरामपूरला पोचले. अश्विनीताईंनी दार उघडलं, चिखलाने भरलेल्या आपल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि पाणी तापवायला ठेवलं. मोनिका मात्र त्यांच्या गळ्यात पडली आणि मग तिलाही कपडे बदलावे लागले.

गुरुवारी स्टेशनवर मुळेसाहेब लंगडत गेले. मुलीला चार गोष्टी सांगायचं त्यांनी जुळवलं होतं. वेळेवर जेव, अनोळखी माणसांवर एकदम विश्वास ठेवू नको, असं काहीबाही. ती खिडकीत बसली, ते खाली उभे राहिले, आणि गाडी सुटेना. सगळं बोलून झालं. सामान मोजून झालं. अश्विनीताईंचं रडून झालं, त्यांनी डोळे पुसले आणि त्या घड्याळाकडे बघू लागल्या. मोनिकाने वाटेसाठी घेतलेल्या राहात्याच्या पेरूंतला एक काढला, फोडला, मीठ लावलं आणि अर्धा गजातून वडिलांपुढे धरला. पेरू गोड होता. साहेबांनी मोठा घास घेतला. नेमकी तेव्हाच गाडी हलली.

"बाबा, काहीतरी बोला ना," मोनिका म्हणाली.

मुळेसाहेबांचं तोंड पेरूने गच्च भरलेलं होतं. ते दुखऱ्या घोट्यावर उड्या मारत गाडीबरोबर फलाटाच्या टोकापर्यंत गेले, उरलेला पेरू हवेत हलवत राहिले, आणि खिडकीतली त्यांची लेक दिसेनाशी होईपर्यंत हसत होती.